माळ्याचा जिना

मुंबईच्या माणसाला 'माळा' म्हटले की मजला आठवतो. तो तिसऱ्या माळ्यावर राहतो, त्याच्या चौथ्या माळ्यावर पाणी चढत नाही, आणि पाहुण्याला तो दुसऱ्या माळ्यावर डाव्या हाताला वळायला सांगतो. आमच्या शहापूर-मुरबाडकडे मात्र माळ्यावर माणूस राहत नसतो. तिथे राहतात त्या वस्तू. भाताची कणगी, बियाण्याचे मुडे, मोडक्या नांगराचा फाळ, म्हशाच्या जत्रेतून कधीकाळी आणलेले घोंगडे, चार मुलांना पुरून उरलेला पाळणा, लग्नकार्यातली मोठी पातेली, आणि एखादी ट्रंक, जिची किल्ली आजीबरोबरच गेली. वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी, घरातले कोणीतरी शिडीवरून वर चढते, जळमटे झटकीत चकलीचा सोऱ्या आणि मोठी परात खाली देते. फराळ झाला की दोन्ही वस्तू पुन्हा वर जातात आणि माळ्याला वर्षभर विसरायला सारे घर मोकळे होते.

सरकारदरबारीही माळ्याची हीच ओळख आहे. राष्ट्रीय इमारत संहितेत त्याची व्याख्या दिली आहे, ती अशी: दोन मजल्यांच्या मधला, किंवा उतरत्या छपराखाली उरलेला, दीड मीटरहून उंच नसलेला आणि सामान ठेवण्यासाठी वापरलेला भाग. यातला 'उरलेला' हा शब्द मला फार आवडला. संहिता लिहिणाऱ्याने जन्मात एकदा तरी माळ्यावर डोके आपटून घेतले असले पाहिजे. त्याच संहितेत माणसाने राहण्याच्या खोलीला उंची किती हवी, तेही सांगितले आहे. छप्पर उतरते असेल तर सरासरी पावणेतीन मीटर, म्हणजे आपले नऊ फूट. तेव्हा माळ्याची खोली करायची म्हणजे दीड मीटरचे पावणेतीन मीटर करायचे. हिशेबाने पाहिले तर प्रश्न अवघ्या सव्वा मीटरचा आहे. पण या सव्वा मीटरने आमच्या भागातल्या कितीतरी घरांची झोप उडवली आहे.

कारण उघड आहे. मुले वाढली, घरे तेवढीच राहिली. आसनगावहून लोकल पकडून कल्याण-ठाण्याला नोकरी करणारा मुलगा गावातच राहू पाहतो. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला; हा रस्ता शहापूर तालुक्यातून जातो, आणि त्याच्या आसपासच्या जमिनीकडे लोक निराळ्या नजरेने पाहू लागले. शेतात नवे घर बांधायचे तर जमीन अडते, पैसा अडतो, आणि भावाभावांचे मनही अडते. घर आडवे वाढेना म्हणजे माणूस मान वर करून पाहू लागतो, आणि वर माळा असतोच.

आमचे घर शहापूरहून किन्हवलीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अंगाला आहे. दगडी जोते, विटांच्या भिंती, सागाच्या तुळया आणि वर मंगलोरी कौले. पुढे पडवी, मग ओटी, मग माजघर, मागे स्वयंपाकघर. आणि ओटी-माजघराच्या डोक्यावर माळा. घरात आई, मी, माझी पत्नी आणि आमची दोन मुले. धाकटा भाऊ कल्याणला भाड्याच्या खोलीत राहत होता. भाडे वाढत गेले, मूल शाळेत जाण्याइतके मोठे झाले, आणि २०२२ च्या दिवाळीत त्याने सांगितले, "दादा, आम्ही गावीच यावं म्हणतो." आनंदाचीच गोष्ट! पण येऊन राहायचे कुठे? एक तर खळ्याच्या जागेवर त्याने स्वतंत्र घर बांधायचे, नाहीतर माळ्याची खोली करायची. पहिल्या मार्गाला 'वाटणी' म्हणतात. तो शब्द घरात कोणी उच्चारला नाही. पण लक्ष्मीपूजनाच्या रात्री आई खळ्याकडे तोंड करून बराच वेळ बसली होती, तेव्हा तिच्या मनात तोच असला पाहिजे.

माळा करायचे ठरले, आणि मग कळले की 'माळा करायचा' या दोन शब्दांत चार-पाच निराळी घरे लपलेली आहेत.

सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे छपराला हात न लावता आहे तोच माळा राहता करणे. चार कौले काढून त्यांच्या जागी काचेची कौले बसवायची, दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींत झरोके पाडायचे, खाली फळ्या आणि वर तक्तपोशी मारायची. हे ज्याला साधते तो भाग्यवान. पण त्यासाठी माळ्याच्या जमिनीपासून आढ्यापर्यंतचे माप आधी घ्यावे लागते. आमच्याकडे आढ्याखाली पावणेआठ फूट भरले आणि वळचणीशी जेमतेम दीड फूट. सहा फुटी माणूस ताठ उभा राहील असा पट्टा मधोमध साडेसहा फुटांचाच निघाला. धाकट्याने तिथे चालून पाहिले. रेल्वेच्या डब्यातल्या वाटेवरून चालल्यासारखा तो सरळ गेला आणि सरळ परत आला. त्याला वळता काही आले नाही.

दुसरा मार्ग चित्रातल्या विलायती घरांचा. उतरत्या पाख्यातून एक खिडकी बाहेर काढायची आणि तिच्यावर तिचे स्वतःचे चिमुकले छप्पर घालायचे. दिसायला फार गोंडस! पण जिथे खिडकीचे छप्पर मोठ्या छपराला मिळते तिथे दोन उतारांची खोबण तयार होते, आणि दोन्हीकडचे पाणी तिच्यात येते. लंडनला वर्षाकाठी सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्याकडे एकटा जुलैच त्याहून अधिक देऊन जातो. त्या खोबणीत पत्र्याची पन्हळ बसवतात; तिच्यात पालापाचोळा अडकला की पाणी उलटे कौलांखाली शिरते. आमच्याकडची माकडे कौलांवर रोज हजेरी लावतात, हे विलायती चित्रकाराला कोणी सांगितलेले नसते.

फ्रान्समध्ये तिसराच प्रकार रूढ झाला. सतराव्या शतकात फ्रांस्वा मांसार नावाचा वास्तुशिल्पी होऊन गेला. १६६६ साली तो वारला. खालचा उतार जवळजवळ उभा आणि वरचा अगदी बसका, अशा दुहेरी उताराच्या छपराला त्याचे नाव चिकटले आहे. या युक्तीने छपराच्या पोटात अख्खी खोली मावते. पॅरिसमधल्या मोठ्या घरांतून त्या खोल्यांत नोकरमाणसे राहत. लिफ्ट येण्यापूर्वी जितके जिने अधिक चढायचे तितकी माणसाची पायरी खालची, असा तिथला हिशेब होता. हे वाचून दाखवले तेव्हा धाकटा म्हणाला, "म्हणजे मला वर पाठवताय ते काय समजून?" सगळे हसले. पण हसताना त्याच्या बायकोने एकदा माझ्या पत्नीकडे पाहिले, तेवढे माझ्या लक्षात राहिले.

चौथा मार्ग स्लॅबचा. आज गावात कोणालाही विचारा, तो हाच सांगेल. छप्पर उतरवा, स्लॅब ओता, वर हव्या तितक्या खोल्या बांधा. माझ्या बहिणीचे घर मुरबाड तालुक्यात, सरळगावच्या पुढे माळशेजच्या रस्त्याला आहे. त्यांनी पंधरा वर्षांपूर्वी हेच केले. मी मुद्दाम दोन दिवस तिच्याकडे जाऊन राहिलो. तिच्या यजमानांनी मोठ्या हौसेने सारे दाखवले, आणि तेवढ्याच मोकळेपणाने सारे सांगितले. जुन्या भिंती स्लॅब पेलणार नाहीत म्हणून त्या पाडाव्या लागल्या. खांब पायापासून नवे उभे राहिले. म्हणजे माळा करायला निघालेल्या माणसाने नवे घर बांधले. एप्रिल-मे महिन्यांत स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती ऊब परत करतो. चौथ्या पावसाळ्यात ओल उतरू लागली. तेव्हा मग स्लॅबवर लोखंडी कैच्या उभ्या करून त्यांनी पत्रा टाकला. त्या पत्र्याखाली गेलो तर काय पाहावे! भाताची पोती, पेंढा, जुना पाळणा, मोठी पातेली. घालवलेला माळा पुन्हा आपल्या जागी येऊन बसला होता. "दादा, माळा काही गेला नाही बघ," बहीण म्हणाली, "आधी अंगाखालचा होता, आता डोक्यावरचा झाला एवढंच." शहापूर-मुरबाडच्या रस्त्याने जाताना नजर टाका, पत्र्याची टोपी घातलेले स्लॅब जागोजाग दिसतील.

मी स्लॅबची निंदा करतो आहे असे नाही. ज्याला जमिनीपासून नवे घरच बांधायचे आहे त्याने तो अवश्य ओतावा. माकडांची आणि शाकारणीची दगदग तरी वाचते. पण जुन्या घरावर तो लादताना ओझ्याचा हिशेब करावा. चार इंची स्लॅबचे वजन चौरस मीटरला अडीचशे किलो भरते. आमच्या घराची लांबी तीस फूट आणि रुंदी बावीस. म्हणजे डोक्यावर पंधरा टन! तेवढ्याच जागेवरची मंगलोरी कौले लाकडासकट पाच टनांच्या आत बसतात. ही कौलेही मूळची इकडची नव्हेत. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला त्यांचा कारखाना काढला आणि पुढे ती पश्चिम किनाऱ्यावर पसरली. कुंभाराच्या चाकावरची नळीची कौले त्यांनी मागे टाकली, तेव्हाही गावोगावचे वृद्ध हळहळले असतील.

राहिला पाचवा मार्ग: कौले तीच, लाकूडही तेच, फक्त छप्पर उचलायचे. भोवतालच्या भिंती साडेचार फूट चढवायच्या आणि जुने छप्पर त्यांच्या डोक्यावर पुन्हा मांडायचे. वळचणीशी सहा फूट मिळतात, आढ्याखाली बारा. सरासरी नऊ फुटांच्या वर जाते. संहिताही संतुष्ट आणि धाकट्याची मानही ताठ! खिडक्या पाख्यात न काढता सरळ भिंतीत येतात, त्यामुळे पावसाला घुसायला खोबण मिळत नाही. आमचे सुतार वयाने सत्तरीचे. त्यांनी आधी प्रत्येक तुळईच्या भिंतीत शिरलेल्या टोकाला किकरे लावून पाहिले. "तुळई मधे मोडत नाही, टोकाला कुजते," ते म्हणाले. दोन टोके पोकळ निघाली. भाताच्या ओझ्याला पुरलेल्या तुळया माणसांच्या वावराला पुऱ्या पडतील असेही नव्हे. भात एका जागी गुमान बसते, माणसे नाचतात. म्हणून दर दोन तुळयांमध्ये एक नवी घालायचे ठरले. शेताच्या बांधावर आमचा एक साग उभा आहे. पण स्वतःच्या जमिनीतला साग तोडायलाही १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगी लागते, आणि ओले लाकूड पुढे पिळते. म्हणून साग बांधावरच राहिला आणि आम्ही जुने, मुरलेले लाकूड विकत आणले.

आणखी एक गोष्ट सुतारांनी दाखवली, ती मला ठाऊक नव्हती. आमचे जुने वासे काजळीने काळेकुळकुळीत झालेले. मी ते घासून घ्यायला निघालो, तर ते म्हणाले, "हा काळा रंग नाही, हे औषध आहे." चुलीचा धूर पिढ्यान्‌पिढ्या माळ्यातून कौलांच्या फटींतून बाहेर जात होता, आणि जाता जाता भाताला आणि लाकडाला किडीपासून राखत होता. अलीकडच्या वर्षांत घरोघर गॅस आला. बायकांचे डोळे आणि छाती धुरातून सुटली, हे फार चांगले झाले. धूर गेला म्हणूनच आज माळ्यावर माणूस राहू शकतो. पण धूर गेला तशी भुंग्याला आणि वाळवीला वाट मोकळी झाली. तेव्हा ज्याला माळ्यावर राहायचे आहे त्याने लाकडाला औषध लावण्याचा खर्च आधीच धरून चालावे.

इतके सारे ठरले. कोणते छप्पर, किती उंची, कोणते लाकूड, यांवर घरात एकही वाद झाला नाही. वाद झाला तो जिन्यावरून.

शिडीला जागा लागत नाही. ती वापरून झाली की भिंतीला टेकते. जिना मात्र जागा मागतो. नऊ फूट चढायचे तर सात-सात इंचांच्या पंधरा-सोळा पायऱ्या होतात, आणि त्या खाली साडेबारा फूट लांब, तीन फूट रुंद जागा खातात. वर खोली कमावताना खाली अर्धी खोली गमवायची असते. ती अर्धी खोली कोणाची, हा खरा प्रश्न. आई म्हणाली, जिना माजघरातून घ्या. सगळ्यांचे येणेजाणे एकाच दाराने होऊ दे. धाकट्याच्या बायकोने मान खाली घालून, पण स्पष्ट सांगितले, "जिना बाहेरून असला तर बरं." ओटी एकदम गप्प झाली. बाहेरचा जिना म्हणजे वेगळे दार. वेगळे दार म्हणजे आज ना उद्या वेगळी चूल. जी वाटणी टाळण्यासाठी छप्पर उचलायचे, ती आता पायऱ्या चढून येणार की काय, असे प्रत्येकाच्या मनात आले.

पण तिचे म्हणणे शांतपणे ऐकले तेव्हा त्यात चूल नव्हती, शिवणयंत्र होते. कल्याणला ती ब्लाउज आणि परकर शिवून महिन्याला चार पैसे मिळवत होती. इथेही तिला ते काम करायचे होते. "गिऱ्हाईक बायका येणार. त्यांना रोज वहिनींच्या माजघरातून, देव्हाऱ्यासमोरून कसं नेऊ? आणि त्यांना नेलं नाही तर माझं काम बंद." आई काही बोलली नाही. माझ्या पत्नीनेच मग सांगून टाकले की, साडेबारा फूट माजघर गेले तर सण-वाराला पंगत कुठे बसवायची, हा प्रश्न तिलाही पडला होता. केवळ वाईट दिसेल म्हणून ती आतापर्यंत गप्प होती. म्हणजे दोन्ही जावांना जिना माजघरात नको होता, दोघींची कारणे निराळी होती, आणि दोघीही एकमेकींच्या भीतीने बोलत नव्हत्या!

दोन दिवसांनी आईच म्हणाली, "मी तर दिवसभर पडवीत असते. तिथं काढा जिना."

पडवी घराच्या आत म्हटली तर आत, बाहेर म्हटली तर बाहेर. मुख्य दाराच्या अलीकडे, पण अंगणाच्या पलीकडे. तिच्या उत्तरेच्या कोपऱ्यात, तेवढ्यापुरते पडवीचे छप्पर उचलून, जिना बसला. पायऱ्यांखालच्या पोकळीत भाताची पत्र्याची कोठी राहिली. आता भात पूर्वीइतके साठवत नाहीत, त्यामुळे ती पुरते. पौषातली म्हशाची जत्रा झाल्यावर कामाला हात घातला. वाशांवर खडूने आकडे घालून छप्पर उतरवले, भिंती चढवल्या, त्यांच्या डोक्यावर सभोवार सिमेंट आणि सळईचा पट्टा फिरवला, म्हणजे छपराचा रेटा भिंतींना बाहेर ढकलणार नाही. विटा जवळच्याच भट्टीवरच्या. त्या पाडणारी कातकरी कुटुंबे हंगामभर भट्टीशेजारी पाल्याच्या झोपडीत राहतात. आमचे छप्पर साडेचार फूट वर गेले ते त्यांच्या विटांवर, याची आठवण ठेवावीशी वाटते. मृग लागायच्या आत शेवटचे कौल बसले. छप्पर उघडे असताना वळिवाच्या दोन सरी येऊन गेल्या, त्या रात्री ताडपत्रीचे कोपरे धरून आम्ही दोघे भाऊ भिजत उभे होतो. कितीतरी वर्षांनी आम्ही असे एका कामाला लागलो होतो.

आता कोणी विचारले की माळ्याचा कोणता प्रकार चांगला, तर मी एवढेच सांगतो. आधी आढ्याखालचे माप घ्या, मग तुळयांची टोके पाहा, मग भिंती किती ओझे पेलतील ते जाणत्याला विचारा. नगरपंचायतीची किंवा ग्रामपंचायतीची परवानगी घ्या. एवढे झाले की छपराचा प्रकार बहुधा आपणहून ठरतो; निवडायला फारसे उरत नाही. निवडायचा असतो तो जिना. तो कागदावर काढायच्या आधी घरातल्या बायकांना एकत्र बसवा, आणि त्या बोलेपर्यंत थांबा. आमच्याकडे त्याला दोन दिवस लागले.

सारे गोड झाले असे मी म्हणणार नाही. वरच्या शिवणयंत्राची खडखड दुपारी माझ्या डोक्यावर चालते. मेच्या दुपारी वरची खोली तापते, तेव्हा धाकट्याचे मूल खाली येऊन माझ्या खाटेवर पसरते. गिऱ्हाईक बायका जिना चढायच्या आधी पडवीत आईशेजारी टेकतात, त्यामुळे गावातल्या सगळ्या बातम्या आता तिला माझ्याआधी कळतात. पाळण्याला जागाच उरली नव्हती; तो आईने बहिणीकडे, मुरबाडला, तिच्या पत्र्याखाली पाठवून दिला.

२०२४ च्या दिवाळीच्या तोंडावरची गोष्ट. हळवे भात कापून भारे खळ्यावर रचले होते. आभाळ स्वच्छ पाहून आम्ही निजलो. मध्यरात्री वरून हाक आली, "दादा, उठा, पाऊस!" कौलांच्या सर्वांत जवळ आता तीच निजते, पहिला थेंब तिनेच ऐकला. पडवीतून आम्ही सहाही माणसे अंगणात धावलो, आणि सर जोरात येण्यापूर्वी ताडपत्री भाऱ्यांवर पडली. नवे घर उठायचे होते ती हीच खळ्याची जागा. आई दारात कंदील घेऊन उभी होती. वीज असतानाही तिने तो का लावला, कोणास ठाऊक. पाऊस अर्ध्या तासाने थांबला. भात कोरडे राहिले.